बानाबाईचा गेरू

बानाबाईला कोणी नर्स म्हटलं की ती तोंड वाकडं करते. नर्स म्हणजे पांढरी टोपी, टकटक वाजणारे बूट आणि रोग्याच्या नातेवाइकांवर खेकसणारी बाई, अशी तिची पक्की समजूत आहे. आपण तसलं काही नव्हतो. आपण 'व्हालंटेर' होतो. हा शब्द ती अशा ठसक्यात उच्चारते की वाटावं, तो मुळात पडेगावच्या धनगरवस्तीवरचाच आहे आणि इंग्रजांनी तो तिथून उचलून नेला.

मागच्या वर्षी पडेगावच्या शाळेनं तिला झेंडावंदनाला बोलावलं. शाल झाली, नारळ झाला. हेडमास्तरांनी माइक खाली ओढून तिच्या तोंडासमोर धरला आणि अठ्ठेचाळीस सालच्या जखमींच्या सेवेबद्दल बाईंनी दोन शब्द सांगावेत अशी विनंती केली. बानाबाई पाऊण तास बोलली. त्यातला अर्धा तास मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांवर गेला. हेडमास्तरांनी खोकून आठवण दिली तेव्हा म्हणाली, "माणसाचंबी तेच की वो. दवा पाजायची, आन कोणाला पाजली ते ध्यानात ठिवायचं." आणि खाली बसली. पोरांनी टाळ्या पिटल्या, कारण आता खाऊ मिळणार होता.

हेडमास्तरांना वाटलं, म्हातारी थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती. कोणाला पाजली ते ध्यानात ठेवण्यापायी एका माणसाचा पाय पणाला लागला होता, आणि तोही तिच्याच हातानं.

तेव्हा ती अठ्ठावीस-तीसची असेल. नेमकं वय ती सांगत नाही. "थोरल्या दुष्काळानंतरची" एवढंच म्हणते, आणि कोणता दुष्काळ असं विचारलं तर म्हणते, "थोरला." नवरा मुंजाबा. तो माणसांशी कमी आणि मेंढरांशी जास्त बोलायचा. पाऊसकाळ सरता सरता त्यांची पालं हर्सूलच्या तलावाकाठी पडायची, आणि त्या वर्षीही पडली होती.

पोलीस ॲक्शन होऊन महिना होत आला होता. निजामाचं राज्य गेलं होतं, पण ते जायच्या आधी आणि गेल्यावर माणसांनी माणसांचं जे केलं, ते अजून बैलगाडीतून, पाठीवरून, काठी टेकत येतच होतं. आधी रझाकारांनी मारलेले आले. मग त्याचा सूड ज्यांच्यावर निघाला ते आले. तलावापलीकडं कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग होतं. त्याच्या पत्र्याच्या लांब शेडमध्ये नानासाहेब नावाच्या डॉक्टरांनी शहरातला आपला दवाखाना बंद करून दुसरा मांडला होता, फुकटचा. जमिनीवर रोग्यांच्या दोन रांगा. दाराकडची सिल्लोडच्या बाजूनं आलेल्या मुसलमान कुटुंबांची, भिंतीकडची बाकीच्यांची. कोणी ठरवलं नव्हतं, ज्यानं त्यानं आपापलं माणूस बघून अंथरूण टाकलं होतं. नानासाहेबांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांना पट्ट्या पुरवायच्या होत्या.

बानाबाई तिथं सेवा करायला गेलीच नव्हती. पालावरची शेजारीण चतुराबाई खडकावरून घसरून हात मोडून बसली, तिला घेऊन गेली. एक शिकलेला स्वयंसेवक चतुराबाईच्या हाताला कामट्या बांधू लागला. बानाबाईनं थोडा वेळ पाहिलं, मग त्याला कोपरानं बाजूला सारलं.

"मेंढीला चार असत्यात, एक गेला तं निभतंय," ती म्हणाली. "हिला दोनच हायेत."

आणि तिनं स्वतः हात बांधला. नानासाहेब मागं उभे होते. त्यांनी विचारलं, हे कुठं शिकलात? बानाबाईनं तलावापलीकडं चरणाऱ्या कळपाकडं बोट दाखवलं. नानासाहेबांनी विचारलं, किती दिवस राहाल? तिनं मुंजाबाला निरोप धाडला की सांजच्याला येते. ती परत गेली दोन महिने चार दिवसांनी. मधल्या काळात मुंजाबा दर तिसऱ्या दिवशी कळप घेऊन शेडसमोर येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "कधी?" ती म्हणायची, "आज नाय." तो जायचा. बानाबाईची सून राजाबाई म्हणते की मामंजी तेवढ्या दोन महिन्यांत जेवढं बोलले, तेवढं पुढच्या तीस वर्षांत बोलले नाहीत.

मेंढरं राखणाऱ्या बाईच्या हाती माणसं दिल्यावर जे व्हायचं तेच झालं. दवा न पिणाऱ्याचं डोकं ती सरळ आपल्या दोन गुडघ्यांत धरायची, अंगठ्यानं जबडा उघडायची, आणि घोट उतरेपर्यंत गळ्यावरून हात फिरवत बसायची. भिंतीकडच्या रांगेत काकासाहेब नावाचे एक मोठे बागाईतदार होते. त्यांनी तक्रार केली की आपल्याला पेल्यातून पिता येतं. बानाबाई म्हणाली, "मंग काल कामून नाय पिला?" काकासाहेब त्या दिवसापासून तिची पावलं वाजली की आपणहून तोंड उघडू लागले.

ताप ती कानामागं हात लावून पाहायची. नानासाहेब मागून थर्मामीटर लावायचे, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं निघायचं. एकदा चुकलं, तर तिनं ते थर्मामीटर बिघडल्याचं सांगितलं. नावं तिच्या डोक्यात राहत नसत. तिचे रोगी म्हणजे 'डावा हात', 'खोकला', 'भिंतीकडची रडकी'. नानासाहेबांनी यावरून तिला दोनदा झापलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "डावा हात जेवला का?" दिवेलागणीला ती दारात उभी राहून सगळ्यांची मोजदाद करायची. एखादा परसाकडं गेला असला तर तो येईपर्यंत जागची हलायची नाही. आलेल्याला त्यामुळं फार लाजायला व्हायचं.

या सगळ्यांत फक्त एकाचं नाव तिनं पहिल्या दिवशी पाठ केलं. जैनुद्दीन, सिल्लोडचा शिंपी, पंचेचाळिशीचा. तो चार दिवस मक्याच्या शेतात लपून पडला होता. उजवी नडगी मोडलेली, वर हातभर जखम. त्याच्या बायकोनं, हुसेनबीनं, त्याला गाडीत घालून आणला. हा माणूस दुखण्यातही अखंड बोलत होता. गाडी कशी बसवली आहे, पत्रा कुठं गळतोय, डॉक्टरांच्या सदऱ्याची बाही अर्धा इंच लांब आहे. नानासाहेबांनी फडकं सोडलं तेव्हा जखमेत अळ्या दिसल्या. ते हळूच म्हणाले, गुडघ्यापासून काढावा लागेल. जैनुद्दीननं ऐकलं आणि तो पहिल्यांदा गप्प झाला.

मग म्हणाला, "डाक्टरसाब, मशीन पाँव से चलता. हात कित्ता बी हुशार रहने दो, पाँव नै तो कपडा जागच्या जागी."

बानाबाईनं डॉक्टरांकडं अर्धा दिवस मागितला. ती माळावर गेली, सीताफळीचा पाला घेऊन आली, दगडावर वाटला आणि मेंढीच्या जखमेत भरतात तसा जखमेत भरला. नानासाहेब पाठ फिरवून म्हणाले, मी काही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चांगलं वाकून पाहिलं. अळ्या नव्हत्या. मग त्यांनी जखम धुतली, वर पांढरी पूड टाकली, कामट्या बांधल्या आणि तिघांना बजावलं. पंधरा दिवस हा पाय हलता कामा नये. पट्टी रोज बदलायची. एकदा जरी परत सडायला लागला, तर मी विचारत बसणार नाही.

ते पंधरा दिवस बानाबाईनं बोटांवर धरले. जैनुद्दीनचं तोंड दुसऱ्याच दिवशी परत चालू झालं. पट्टी सोडताना त्यानं तिच्या चोळीकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "ये चोळी किसने शिवी? उसकु मेरे पास भेजो. मैं उसकु बाज विणना सिखाता."

"म्याच शिवली."

"हौ, वोईच बोल रा मैं."

तिनं पट्टी जरा आवळून बांधली. तोही जरा ओरडला. हुसेनबी बाजूला बसून दोघांकडं असं पाहायची की जणू कुणाची तरी दोन पोरं तिच्या गळ्यात पडली आहेत.

नवव्या दिवशी घोटाळा झाला.

जवळच्या वाडीत कॉलरा निघाला होता. शेडमधल्या सगळ्यांना सुई द्यायची ठरली. नानासाहेबांनी दारापासून सुरुवात केली, कारण दाराशी उजेड होता. पण माणसं काही खुंटाला बांधलेली नव्हती. एका म्हाताऱ्याला दोनदा सुई बसली आणि तो तापानं फणफणला. दोघं जण सुई दिसताच तलावाकडं निघून गेले, त्यांना धरून आणावं लागलं. दाराकडची अठरा माणसं झाली आणि औषध संपलं. यादी लिहिणारा स्वयंसेवक स्वतःच आजारी पडला होता. नानासाहेब सायकलवर टांग टाकता टाकता बानाबाईला म्हणाले की मी शहरातून उरलेलं औषध आणतो, तोवर ज्यांना सुई दिली त्यांना काहीतरी खूण करून ठेवा.

बानाबाईच्या घराण्यात खूण एकच. पावसाळा सरला की मेंढरांना जंताची दवा पाजतात. दोनशे सारख्या तोंडांत कोणाला पाजली आणि कोणाला राहिली हे देवालाही सांगता यायचं नाही. म्हणून पाजली की कपाळावर गेरूचा ठिपका. ठिपका असलेलं मेंढरू सुटलं, त्याची काळजी मिटली. तिनं पालावरून गेरू आणला, पाण्यात कालवला आणि दाराकडच्या अठरा कपाळांवर अंगठ्यानं एकेक ठसठशीत ठिपका उमटवला. कोणाला काही सांगायच्या फंदात ती पडली नाही. मेंढीला कोण सांगतं? जैनुद्दीननं विचारलं तर तिनं त्याचं डोकं सरळ धरलं आणि म्हणाली, हलू नगा, वघळ येतोय. मग पट्ट्यांचं गाठोडं उचलून ती तलावावर धुवायला गेली.

ती दुपारी परत आली, दारात उभी राहिली, आणि सवयीनं मोजलं. अठरा कमी.

दाराकडची सबंध रांग उठून गेली होती. भिंतीकडची माणसं एकमेकांकडंही बघत नव्हती. शेवटी आवडाबाई नावाची म्हातारी बोलली. बानाबाईला आधी कळेना, मग आवडाबाईनं पोराला समजवावं तसं सांगितलं. तू फक्त त्या रांगेला खूण केली. या रांगेत एकालाही नाही. गेल्या महिन्यात गावोगाव कोणाकोणाच्या दारावर खुणा झाल्या आणि पुढं त्या घरांचं काय झालं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टर शहरात गेलेला. मग त्यांनी काय समजावं? पीठ घेऊन आलेल्या कडूबाची गाडी त्यांनी अडवली, चालता न येणारे तिच्यात घातले आणि शहराकडं निघाले.

"त्या शिंप्याचा पाय?" बानाबाईनं विचारलं.

"लोंबतच व्हता गाडीभाईर," आवडाबाई म्हणाली.

नववा दिवस. सहा बोटं बाकी होती. बानाबाई पळत सुटली. गाडीवाट तलावाला वळसा घालून जाते, आणि मेंढरांची वाट बांधावरून सरळ. पलीकडं मुंजाबा कळप चारत होता. तिनं लांबूनच हाताची खूण केली की गाडी आडव. मुंजाबानं कामून असं विचारलं नाही. त्यानं जिभेनं एक आवाज काढला आणि कळप वाटेवर उतरवला.

किती मेंढ्या होत्या, याबद्दल मतभेद आहेत. बानाबाई मला पहिल्यांदा दोनशे म्हणाली, दिवाळीत सांगितलं तेव्हा साडेतीनशे झाल्या होत्या. राजाबाई चुलीपासून ओरडून सांगते की मामंजी साठ म्हणायचे. साठ तर साठ. अरुंद वाटेवर साठ मेंढ्यांनी कडूबाच्या बैलांना असं काही घेरलं की बैलांनी खाली बघून पाय टाकायचं सोडून दिलं. गाडी थांबली.

आता हे गाडीतून कसं दिसलं असेल ते बघा. कपाळावर लाल ठिपका घेऊन पळणारी माणसं. समोर वाट अडवून उभा एक काळा उंच धनगर, हातात लांडग्यासाठी बाळगलेली लांब दांड्याची कुऱ्हाड. मागून धावत येणारी तीच बाई, जिनं ठिपके लावले. चालणारे गाडीला बिलगले. हुसेनबी गाडीत उठून नवऱ्याच्या पुढं उभी राहिली. जैनुद्दीननं तिच्या आडून मान बाहेर काढली.

"बाई, मारना है तो सीधा मारो. नऊ दिवस पट्टी बांधून मारू नका."

बानाबाईला दम लागला होता. ती नुसती मेंढ्यांकडं हात करत राहिली. शेवटी मुंजाबानं बायकोकडं पाहिलं, गाडीतल्या कपाळांकडं पाहिलं, आणि या बाईनं काय करून ठेवलंय ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं कुऱ्हाड जमिनीवर ठेवली आणि आयुष्यातलं सर्वांत मोठं भाषण केलं.

"काल जंताची दवा पाजली. ज्याला पाजली त्याला गेरू. दुबार पाजली तं मरतंय."

"आणि नाही पाजली त्याला?" हुसेनबीनं विचारलं.

मुंजाबानं मागं बोट दाखवलं. दोन बारकी कोकरं, कपाळ कोरं.

गाडीतल्या सगळ्यांनी खाली पाहिलं. एक शिंगवाला मेंढा चाकाशी उभा राहून वर जैनुद्दीनकडं पाहत होता. दोघांच्याही कपाळावर एकाच गेरूचा, एकाच मापाचा ठिपका. जैनुद्दीननं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. माप त्याच्या धंद्याचा भाग होता.

"म्हणजे आम्ही तुला मेंढ्या दिसलो," तो म्हणाला.

"मेंढ्या बऱ्या, चाचा," बानाबाईला एकदाचा आवाज सापडला. "नवव्या दिशी कोणती मेंढी गाडीत बसून नाय जात."

एकदोघं हसले. हुसेनबी हसली नाही. ती खाली उतरली आणि बानाबाईसमोर उभी राहिली. म्हणाली, "तू दिल की साफ है, मान लिया. पण बाहेरून येणाऱ्याला तुझी मेंढरं कुठं माहीत? तो कपाळ बघणार."

सांगता सांगता बानाबाई इथं थांबते, तंबाखूची चंची उघडते, बंद करते, आणि मगच पुढं जाते.

पुढं ती म्हणाली की मग मी समद्यांनाच लावते. भिंतीकडच्यांनाबी. काकासाहेबांनाबी. डॉक्टरच्या कपाळाला लावते.

"और तू?"

"मला नाय लावता येत."

"का?"

बानाबाईनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "म्या सुई नाय घेतली."

आणि मग ते बाहेर आलं. सकाळपासून अठरा दंड दाबून धरणारी ही बाई, स्वतःची पाळी आली की पाण्याला जात होती. तीनदा गेली होती. शेडमधले सगळे रांजण भरले होते. सुईची तिला भीती वाटत होती. आणि दवा न घेता ठिपका लावणं तिच्यानं होणार नव्हतं. खोटा गेरू लावलेलं जनावर बिनदव्याचं राहतं आणि पाठोपाठ सगळा कळप आजारानं बसतो, तिच्या सासऱ्यानं एवढ्याच गोष्टीवरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. हे ती त्या भर रस्त्यात अगदी कळवळून सांगत होती.

हुसेनबीनं तिला पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तर आधी तुझा दंड. आमच्या सगळ्यांसमोर. मग आम्ही थांबू."

गाडी वळवायला सर्वांत आधी कोणी सांगितलं असेल तर जैनुद्दीननं. हे बघितल्याशिवाय मैं सिल्लोड बी नै जाता और जन्नत बी नै जाता, असं तो म्हणाला.

नानासाहेब शहरातून परतले तेव्हा शेडच्या दारात साठ मेंढ्या, एक गाडी आणि खाली मान घातलेली बानाबाई होती. त्यांनी सगळं ऐकलं. रागावले, पण बहुतेक स्वतःवर. खूण करा म्हणताना कसली ते आपणच सांगायला हवं होतं, एवढंच पुटपुटले. मग त्यांनी सुई उकळायला ठेवली.

बानाबाईच्या सांगण्याप्रमाणं तिनं हूं की चूं केलं नाही. राजाबाईच्या सांगण्याप्रमाणं मामंजी तेव्हा मेंढरं घेऊन बांधावर पोहोचले होते आणि त्यांना तिथं ऐकू आलं. एवढं नक्की की हुसेनबीनं तिचं डोकं आपल्या दोन गुडघ्यांत धरलं होतं आणि काकासाहेब भिंतीकडून मोठ्यानं विचारत होते की बाईंना पेल्यातून देता येत नाही का. मग हुसेनबीनं गेरूत अंगठा बुडवला आणि बानाबाईच्या कपाळाला लावला. त्यानंतर भिंतीकडची रांग झाली. सगळ्यांत शेवटी नानासाहेब, ज्यांनी सुई शहरातच घेतली होती आणि बानाबाईला दंडावरची खूण दाखवल्याशिवाय तिनं त्यांना ठिपका लावला नाही.

जैनुद्दीन आडवा पडून हे पाहत होता. त्यानं बानाबाईला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं की आम्ही शिंपी लोक खूण करतो, ती आतल्या बाजूनं. गिऱ्हाइकाला दिसत नाही, ज्याला शिवायचं त्याला बरोबर सापडते. दुसऱ्या दिवसापासून नव्या माणसांना ठिपका मनगटाच्या आत बसू लागला.

पायाचं मात्र सोपं नव्हतं. गाडीच्या हादऱ्यांनी जखम उकलली होती, हाड सरकलं होतं. नानासाहेबांनी परत बसवलं आणि बानाबाईकडं न बघता म्हणाले, आता एकपासून. तिनं सगळी बोटं उघडली आणि पहिलं मिटलं. त्या दिवसांत ती जैनुद्दीनशी भांडली नाही. त्यानं चोळीवर बोललेलंही तिनं ऐकून घेतलं, तेव्हा तो घाबरला. रोज सकाळी ती पट्टी सोडून आधी वास घ्यायची, मग डोळे उघडायची. सहाव्या दिवशी वास आला. नानासाहेबांनी हत्यारांची चामडी पेटी आणून उशाशी ठेवली आणि म्हणाले, उद्या सकाळपर्यंत बघू. हुसेनबीनं त्या पेटीवर आपली ओढणी टाकली, नवऱ्याला दिसू नये म्हणून. तो म्हणाला, ओढणी उचल, पेटीची शिवण बघू दे. बानाबाई सबंध दिवस पाण्यासाठी सोडून त्याच्याजवळून उठली नाही. दर थोड्या वेळानं पट्टी धुऊन बदलत राहिली.

सकाळी तिनं वास घेतला. परत घेतला. मग नानासाहेबांना बोलावलं आणि त्यांनाही घ्यायला लावला. ते गुडघ्यावर बसले, वाकले, आणि पेटी उचलून घेऊन गेले.

कामट्या निघाल्या तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. पाय काटकीसारखा वाळला होता आणि नडगी जरा बाहेर वळली होती. त्याच आठवड्यात शहरातल्या कोणीतरी शेडमधल्या लोकांना कपडे शिवायला म्हणून एक जुनं मशीन पाठवलं. अंगणात उतरवताच जैनुद्दीन हुसेनबीच्या खांद्यावर भार टाकत तिथं पोहोचला आणि स्टुलावर बसला. दोन्ही रांगांतली हिंडतीफिरती माणसं गोळा झाली.

त्यानं उजवा पाय पायटीवर ठेवला. घोटा हललाच नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. नानासाहेब म्हणाले, आजच कशाला. तो म्हणाला, "ठैरो." दुसऱ्यांदा पाय दाबला तेव्हा चाक उलटं फिरलं आणि दोऱ्याचा गुंता झाला. हुसेनबीनं तो सोडवला. तिसऱ्यांदा त्यानं आधी हातानं चाक फिरवलं, मग पाय सोडला, आणि मशीन घरघरत चालू झालं.

"कपडा," तो ओरडला. "अरे कोई कपडा दो."

शेडमधलं फडकं न् फडकं पट्ट्यांत गेलं होतं. बानाबाईनं हाताला लागलं ते पुढं सरकवलं. पिठाच्या पोत्याचं दुहेरी तरट होतं. नानासाहेब "अहो" म्हणेपर्यंत सुई मोडली.

मशीनबरोबर सुई एकच आली होती. नानासाहेब दोघांनाही बोलले. चाळीस माणसांचे कपडे आता दुसरी सुई येईपर्यंत अडणार होते. बरं, निदान रिकामं मशीन तरी चालवू नका, पट्टा झिजतो. जैनुद्दीननं ऐकलं न ऐकलं. सुई नव्हती, कापड नव्हतं, आणि तो वाकडा पाय नुसताच वरखाली, वरखाली चालला होता.

"चालू द्या वो साहेब," बानाबाई म्हणाली. "लई दिस बांधून ठिवलेलं जनावर हाय. जरा चरू द्या."